दांड्याची कॉफी आणि मिस्त्रीचं नाक

आमच्या ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, दोन हात वर करून उभं असलेलं एक स्टीलचं यंत्र आहे. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे काय? मी सांगते, कॉफीचं यंत्र. लाइटवर चालतं का? नाही. गॅसवर? नाही. मग कशावर चालतं? माझ्या दंडांवर. यावर लोक हसतात आणि मला दर वेळी राग येतो, कारण मी विनोद केलेला नसतो.

यंत्र मुलाचं. तो पुण्यात नोकरीला होता. कंपनीनं परदेशात पाठवलं तेव्हा त्यानं खुर्च्या, गाद्या, फ्रिज सगळं मित्रांना वाटून टाकलं आणि हे एवढं यंत्र छातीशी धरून वडीगोद्रीला आला. सोबत हातानं फिरवायची एक छोटी चक्की, एक इवलासा वजनकाटा आणि भाजलेल्या कॉफीच्या बियांची दोन पाकिटं. "आई, हे कुणाला द्यायचं नाही. वापरलंस तर चांगलंच." मी म्हटलं, ठेव बाबा माळ्यावर. तो विमानात बसला आणि यंत्र माळ्यावर बसलं.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा मोटर वाइंडिंगचा मिस्त्री, हायवेला लागून त्याचं दुकान. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र एकेरीवर येते, तेवढी सूट तीस वर्षांच्या संसारात मी कमावली आहे. विहिरीवरची, बोअरमधली मोटर बिघडली की लोक ती त्याच्याकडे आणतात. घनसावंगीकडूनसुद्धा येतात, वाटेत दुसरे चार मिस्त्री असताना. त्याचं कारण त्याचं नाक. मोटर खाली उतरली की तो चार बोल्ट काढायचा, झाकण बाजूला करायचा आणि आधी नाक लावायचा. तारा तपासायचं मीटर नंतर. तारेवरच्या जळालेल्या वार्निशचा वास वेगळा, पाणी शिरलेल्या कॉइलचा वेगळा, बेअरिंग तापून करपलेल्या ग्रीसचा आणखी वेगळा. नाक लावून झालं की तो मान वर करायचा आणि एकच शब्द बोलायचा, "जळाली." किंवा, "न्हाई जळाली, वाचली." मग मीटर लावायचा, आणि मीटर तेच सांगायचं. लोक त्याला नाकवाला मिस्त्रीच म्हणत.

हे नाक कोरोनात गेलं. ताप गेला, खोकला गेला, माणूस घरी आला, त्यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानले ते मलाच माहीत. पण वास काही परत आला नाही. पहिले दोन महिने आम्ही म्हटलं, येईल. सगळ्यांचा येतोय, याचाही येईल. तो दिवसातून सहा वेळा चहा पिणारा माणूस. एक दिवस कप खाली ठेवला आणि म्हणाला, "गरम पाण्यात साखर टाकून देऊन राह्यली का तू?" आलं किसून घातलं होतं, गवती चहा घातला होता. त्यानंतर त्यानं चहाच सोडला. मी एकटीसाठी अर्धा कप दूध मोजून चहा टाकायला लागले आणि तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. तो दवाखान्यात होता तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती.

जालन्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी चार वास हुंगायचे. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. वास येवो न येवो, हुंगायचे आणि त्याची आठवण काढायची. यानं आठ दिवस केलं. नवव्या दिवशी म्हणाला, "मी आता गुलाब हुंगत बसू? काय वय हाय का माझं?" आणि वाट्या उचलून मोरीत नेऊन ठेवल्या.

दुकानात मात्र सोंग आणता येत नव्हतं. मग काय, मला बोलावणं यायला लागलं. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन हायवेवर, आणि पदर खोचून मोटरीत नाक घालायचं. आधी मला सगळ्याच मोटरींचा सारखाच घाण वास यायचा. हळूहळू फरक कळायला लागला. मी सांगायची, "कडू येतोय, घशाला लागतोय." तो म्हणायचा, "जळाली." गिऱ्हाइकांना याची गंमत वाटायची. एकजण म्हणाला, "आता मॅडमलाच दुकानात बसवा, मिस्त्री, अन् तुम्ही शाळेत जा." सगळे हसले. नवराही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला बोलावणं बंद केलं.

आणि मग एका मोसंबीच्या बागवाल्याच्या मोटरीचं प्रकरण झालं. भर मे महिना. वाइंडिंग करून, वार्निशमध्ये बुडवून यानं ती भट्टीत वाळायला ठेवली आणि जेवायला घरी आला. भट्टी जास्त तापली. एरवी दुकानाच्या दारातच त्याला करपल्याचा वास आला असता. आला नाही. मीटरनं सांगितलं बराबर आहे, मोटर विहिरीवर गेली, आणि चार तासांत तिथं जळून बसली. त्या उन्हात बागेला पाणी नाही म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. अर्धी फळं गळाली. तो शेतकरी भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो आला, मोटर ट्रॉलीत घातली आणि काही न बोलता दुसऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. नवरा त्या रात्री जेवला नाही. सकाळी म्हणाला, "नाक न्हाई तर मिस्त्री कसला? दुकान देऊन टाकतो कुणाला तरी."

मी म्हटलं, "वास येईल." तो म्हणाला, "कधी?"

तो दुकानात उशिरा जायला लागला. सकाळभर घरात बसून दाराच्या कड्या सैल करायचा आणि परत आवळायचा. ते बघून माझं डोकं उठायचं. शेवटी एका रविवारी मी स्टुलावर चढून माळ्यावरचं ते यंत्र खाली काढलं आणि त्याच्यापुढे आपटलं. कॉफीसाठी नाही. मला कॉफी अजूनही फारशी आवडत नाही. याच्या हाताला काहीतरी काम लागेल, एवढाच विचार.

त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. दांडे वर-खाली केले. म्हणाला, "ह्यात काय हाय? वरून दट्ट्या दाबायचा, खालून माल निघतो. आपली ग्रीस गन हाय ही." आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर कामाला लागलेल्या माणसाचा भाव दिसला.

कृती सांगायला सोपी आहे. यंत्राची नळी उकळत्या पाण्यानं गरम करायची. अठरा ग्रॅम बिया चक्कीतून दळायच्या, पूड जाळीच्या वाटीत भरायची, दाबून सपाट करायची, वाटी यंत्राला खाली अडकवायची. वरून पाणी ओतायचं आणि दोन्ही दांडे खाली ओढायचे. तीस सेकंदांत चिमणीच्या पाण्याएवढी कॉफी कपात उतरली पाहिजे, वर तपकिरी साय धरलेली. हे मुलानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्याचं काय जातंय सांगायला! पहिल्या दिवशी पूड जाड झाली आणि पाणी पाच सेकंदांत भसकन खाली आलं, काळं पाणी नुसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मैद्यासारखं दळलं. मी दांड्यांना लोंबकळले, पाय जमिनीवरून सुटले, पण एक थेंब खाली येईना. नवरा म्हणाला, "उतर, वाकवशील." तिसऱ्या दिवशी पाटावर उभी राहिले, शाळेत कवायतीला मोजते तसं मोठ्यानं मोजायला लागले, एक, दोन, तीन. सत्तावीसला कप भरला आणि वर खरंच साय आली. आम्ही दोघं ती सायच बघत बसलो. मग म्हटलं, प्या की आता.

त्यानं घोट घेतला. तोंड वाकडं केलं. आणि म्हणाला, "लागलं."

"काय लागलं?"

"काहीतरी लागलं. कडू लागलं. जिभेला कळलं."

दीड वर्षात त्याला पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं. मला इतका आनंद झाला की मीसुद्धा एक घोट घेतला, आणि मग चूळ भरायला धावले.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. दळायचं काम त्याचं, दांडा माझा. पूड दळून झाली की मी ती चक्की आधी त्याच्या नाकाखाली धरायची. डॉक्टरांच्या वाट्या नको म्हणतो ना, मग हे घे. "येतो का?" मी विचारायची. "न्हाई." एवढंच बोलणं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुलगा तिकडून बिया पाठवत राहिला. "येतो का?" "न्हाई." एकदा मी चिडून म्हटलं, निदान कधीतरी खोटं तरी बोला. तो म्हणाला, "खोटं बोलून मोटर चालती का?"

त्या पावसाळ्यातच दुकानाची गोष्ट ठरली. मोबाइल दुरुस्तीवाला एक पोरगा, म्हणजे आता पोरगा कसला, दोन लेकरांचा बाप, हायवेला गाळा शोधत होता. माझाच जुना विद्यार्थी. घरात उर्दू, शाळेत मराठी, आणि दोन्हींत बोलायला पटाईत. तो आधी नवऱ्याला भेटला, मग मला शाळेत येऊन म्हणाला, "मॅडम, चाचा दुकान देतो म्हणून राह्यले. तुम्हाला चालंल ना?" मला चालणार नव्हतं. मी म्हटलं, चाचांना विचार. घरी येऊन नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, "तू मला रोज विचारती, मी रोज न्हाई म्हणतो. अजून किती दिवस विचारणार? दिवाळी झाली की देऊन टाकतो." दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी, शाळेआधी, माझ्या विद्यार्थ्यानं बोलणं पक्कं करायला घरी यायचं आणि मग दुकानाचं माप घ्यायला जायचं ठरलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी चाचणीचे पेपर तपासत बसले होते. डोकं दुखत होतं, नाक गळत होतं, सर्दीनं नुसता वैताग आणला होता. स्वयंपाकघरात नवऱ्याची खुडबूड चालली होती. बाहेर येऊन म्हणाला, "त्या दट्ट्याचं वायसर कुचकुच करून राह्यलं होतं. केलं बराबर." मी मान हलवली. सकाळी यंत्र पुसताना दांडा ओढून पाहिला तर लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. म्हटलं, वा, मिस्त्री! मनातच म्हटलं, कारण त्या दिवशी मी त्याच्याशी बोलत नव्हते.

माझा विद्यार्थी आठ वाजता आला. हातात मोजायची टेप, अंगावर नवा शर्ट. दुकानात जायच्या आधी मी त्याला बसवलं. पोहे ठेवले. त्याची नजर यंत्रावर गेली. "मॅडम, हे मी मोबाइलवर पाहिलंय! हॉटेलात राहतं. तुमच्याकडं?" त्याला ती कॉफी प्यायचीच होती. मी सर्दीनं बेजार, पण विद्यार्थ्यासमोर मास्तरीण मागे हटत नाही. दळलं, भरलं, पाटावर उभी राहिले, मोजलं. पहिला कप त्याला दिला. त्यानं घोट घेतला, एक क्षण थांबला, मग दुसरा घोट घेतला, तिसऱ्यात कप संपवला. "बढिया, मॅडम. बिलकुल बढिया." मी खूश. दुसरा कप काढून नवऱ्यापुढे ठेवला.

त्यानं कप उचलला. तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबला. परत खाली घेतला, परत वर नेला.

"ह्याला ग्रीसचा वास येऊन राह्यला," तो म्हणाला.

मी भडकले. "काहीतरीच काय! कालच घासलंय मी सगळं. ग्रीसचा कसला वास? मला तर काही येत नाही."

"तुला सर्दी हाय."

"मला सर्दी आहे म्हणून तुम्ही वाट्टेल ते..." आणि मी थांबले. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. माझा विद्यार्थी हातात रिकामा कप धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"परत घ्या," मी म्हटलं.

त्यानं कपावर नाक धरलं, मोटरीवर धरायचा तसं, डोळे मिटून. "ग्रीसच हाय. बेअरिंगचं. मीच लावलं काल, वायसरला. कुचकुचत होतं म्हणून."

आधी माझ्या तोंडून शिव्याच निघाल्या. खायच्या भांड्याला ग्रीस? माणूस आहात का कोण? तीस वर्षं मोटरी उघडल्या म्हणून काय घर पण वर्कशॉप करायचं? आणि शिव्या देता देता मी ओट्याला टेकून रडायला लागले. नाक आधीच गळत होतं, त्यात हे. मग विद्यार्थ्याकडे वळले. "आणि तू रे? सगळा कप कसा प्यायलास?"

तो कसनुसं हसला. "मेरे को लगा ये कॉफी ऐसीच रहती, मॅडम. मोबाइलवर बी सगळे तोंड वाकडं करूनच पितात. अन् तुम्ही दिली, मंग न्हाई कसं म्हणायचं?"

नंतर आम्ही घरात होतं नव्हतं ते सगळं त्याच्या नाकाखाली धरलं. कॉफीची पूड. न्हाई. लवंग. न्हाई. लिंबू कापलं, हिंगाची डबी उघडली. न्हाई. ग्रीसचा डबा आणला. "हाय." परत एकदा डोळे झाकायला लावून पाहिलं, एकदा हिंग, एकदा ग्रीस. मी पाचदा फसवायचा प्रयत्न केला, पाचही वेळा त्यानं ग्रीस बराबर ओळखलं. पण फक्त ग्रीस.

विद्यार्थी उठला. टेप खिशात घातली, परत काढली. "मंग चाचा, दुकानाचं?"

नवऱ्यानं ग्रीसच्या डब्याचं झाकण लावलं. "आठ दिवस दे मला."

त्याचं तोंड उतरलं. "बोर्ड बनायला टाकून आलो मी कालच." मला त्याचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. तो चांगला मुलगा आहे. आठ दिवस थांबतो म्हणाला, आणि दुपारी माझ्या फोनवर विचारलं, ग्रीसनं पोटात काही होतं का. मी त्याला ताक प्यायला सांगितलं.

यंत्र मी पाच पाण्यांनी धुतलं, वायसर मुलाकडून नवीन मागवलं. ते येईपर्यंत कॉफी बंद. पण सकाळचा कार्यक्रम चालू. ग्रीसचा डबा, मग पूड, मग लवंग. हाय, न्हाई, न्हाई. तो दुकानात जायचा, शटर उघडायचा, पण मोटर कुणाचीच घ्यायचा नाही. म्हणायचा, "एकट्या ग्रीसवर दुकान चालत न्हाई." मी दिवस मोजत होते. पाचवा गेला, सहावा गेला. सातव्या दिवशी सकाळी तर मी विचारलंच नाही, भीती वाटली. त्यानंच डबा उघडला, हुंगला आणि दुकानात निघून गेला.

मधल्या सुट्टीत मी पोरांना खिचडी वाढून देत होते. फोन वाजला. त्याचा.

"जळाली," तो म्हणाला.

मी पळी पातेल्यातच ठेवून बाहेर आले. "काय जळाली? कुठं आहात तुम्ही?"

"दुकानात. कुंभार पिंपळगावचा माणूस आल्ता, पाच एचपीची घेऊन. मी न्हाई म्हणत होतो, त्यानं ऐकलंच न्हाई, उतरवून ठेवली. झाकण खोललं. नाक लावलं." मग म्हणाला, "जळाली. वार्निश. जरा लांबून आल्यावाणी येतो, पण येतो."

मागून एका माणसाचा वैतागलेला आवाज आला, "अहो मिस्त्री, मोटर माझी जळाली अन् तुम्ही हसून काय राह्यले?"

मी म्हटलं, "अहो, आधी मीटर लावून तर बघा."

"लावतो," तो म्हणाला. "जळालीच हाय. अन् तुझ्या त्या विद्यार्थ्याला फोन कर. म्हणावं, बोर्ड दुसरीकडं लाव. मिस्त्रीचं दुकान चालू हाय."